फ्लाइट सिम्युलेटरमधला आवाज आणि हेडसेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिममध्ये डोळे बाहेर आणि हात थ्रॉटलवर (इंजिनाची ताकद कमीजास्त करणाऱ्या दांड्यावर) असतात, तेव्हा बरीचशी माहिती कानावाटे येते. इंजिनाचा आरपीएम (फेऱ्यांचा वेग) घसरला, पंखांवरचे फ्लॅप खाली येऊ लागले, स्टॉलचा (पंखांची उचल संपत आल्याचा) भोंगा वाजला, टॉवरनं आपलं नाव घेतलं, हे सगळं आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. म्हणून ग्राफिक्सच्या सेटिंगवर जेवढा वेळ जातो, त्याचा थोडा वाटा आवाजालाही द्यावा असं मला मनापासून वाटतं. खालच्या उत्तरांमध्ये एकच क्रम पाळला आहे: कुठला आवाज कुठून बाहेर पडणार हे आधी ठरवायचं, मग रेडिओ स्वच्छ लावायचा, आणि बाकीचं सगळं रेडिओच्या खाली बसवायचं.

सुरुवात सिमपासून करायची की विंडोजपासून?

विंडोजपासून. सिममधले स्लायडर कितीही हलवले, तरी आवाज भलत्याच उपकरणाकडे जात असेल तर उपयोग नाही.

विंडोज एका वेळी दोन 'मुख्य' उपकरणं धरून चालतं. एक डीफॉल्ट डिव्हाइस, ज्यावर खेळ, गाणी, व्हिडिओ वाजतात. दुसरं डीफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस, जे बोलण्यासाठीची अ‍ॅप्स उचलतात. नवा हेडसेट लावला की विंडोज अनेकदा दोन्ही कामं त्यालाच देऊन टाकतं, आणि काल स्पीकरवर घुमणारं इंजिन आज कानात येतं. सेटिंग्जमधल्या साउंड पानावर खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' आहे. तिथे प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग अशा दोन्ही याद्या उघडा आणि कोणाला कुठलं काम द्यायचं ते स्वतः नेमून टाका.

त्याच ठिकाणी दोन छोटी कामं उरकून घ्या. यादीतल्या उपकरणांना ओळखू येतील अशी नावं द्या, कारण 'स्पीकर्स' नावाची तीन उपकरणं दिसली की पुढे प्रत्येक अ‍ॅपमध्ये घोळ होतो. आणि मॉनिटरचा एचडीएमआय ऑडिओ, वेबकॅमचा माइक असं जे कधीच वापरत नाही, ते डिसेबल करा. हेडसेट नेहमी सिम सुरू करण्याआधी जोडा. बरीच अ‍ॅप्स सुरू होताना जे उपकरण सापडेल तेच शेवटपर्यंत धरून बसतात.

रेडिओचं (कंट्रोलरशी बोलायचं) अ‍ॅप सुरू केलं की इंजिनचा आवाज एकदम पडतो. विमानात बिघाड आहे का?

विमान ठणठणीत आहे. हा विंडोजचा कारभार आहे आणि सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात.

'मोअर साउंड सेटिंग्ज'मध्ये शेवटचा टॅब आहे 'कम्युनिकेशन्स'. कॉल चालू असल्याची चाहूल लागली की बाकीच्या आवाजांचं काय करायचं, हे तिथे ठरतं. चार पर्याय आहेत: सगळं बंद करणं, 80 टक्क्यांनी कमी करणं, 50 टक्क्यांनी कमी करणं आणि काहीच न करणं. मुळात निवडलेला असतो तो 80 टक्क्यांचा. ऑफिसच्या कॉलसाठी हे सोयीचं आहे. पण सिममध्ये काय होतं पाहा. तुम्ही फायनलवर, म्हणजे धावपट्टीवर उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात आहात, व्हॉइस अ‍ॅप बोलण्याची लाइन उघडतं, विंडोज त्याला फोन कॉल समजतं आणि सिमचा आवाज एक पंचमांशावर आणून ठेवतं. पॉवर कमी झाली की फक्त आवाज कमी झाला, हे कळायला एक-दोन सेकंद जातात, आणि नेमके तेच सेकंद महत्त्वाचे असतात.

'डू नथिंग' निवडा, ओके करा आणि सिम पुन्हा सुरू करा.

एवढं करूनही आवाज दबत असेल तर डिस्कॉर्ड हे गप्पांचं अ‍ॅप उघडं आहे का ते बघा. त्याच्या व्हॉइस सेटिंगमध्ये 'अटेन्युएशन' नावाची स्वतंत्र सोय आहे. कोणी बोललं की ती इतर अ‍ॅप्सचा आवाज खाली आणते. तिचा स्लायडर शून्यावर न्या.

इंजिन स्पीकरवर आणि रेडिओ हेडसेटमध्ये, असं करता येतं का?

येतं, आणि ज्यांना घरात मोठ्यानं स्पीकर वाजवता येतो त्यांनी हे जरूर करावं. इंजिनाची घरघर खोलीत आणि कंट्रोलरचा आवाज कानाशी असला की दोन्ही आपोआप वेगळे कळतात. मेंदूला निवडानिवड करावी लागत नाही.

ऑनलाइन एटीसीसाठी (खरी माणसं चालवतात त्या हवाई वाहतूक नियंत्रणासाठी) उडत असाल तर काम सोपं आहे. व्हॅट्सिम या ऑनलाइन नेटवर्कचे व्हीपायलट किंवा एक्सपायलट हे क्लायंट (नेटवर्कला जोडणारी अ‍ॅप्स) सिमपेक्षा वेगळे प्रोग्रॅम आहेत. त्यांच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक आणि ऐकण्याचं उपकरण वेगळं निवडता येतं. तिथे हेडसेट निवडा आणि सिमला डीफॉल्ट स्पीकरवर राहू द्या.

डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिममध्ये ऑडिओच्या पानावरच हेडफोन्ससाठी वेगळं उपकरण नेमता येतं, त्यामुळे सिममधला स्वतःचा रेडिओही कानात घेता येतो. जिथे सिममध्ये अशी सोय नसेल तिथे विंडोजचा व्हॉल्यूम मिक्सर कामाला येतो. चालू असलेल्या प्रत्येक अ‍ॅपला कुठलं आउटपुट द्यायचं ते तिथे ठरवता येतं. फक्त एक मर्यादा लक्षात ठेवा: मिक्सर अख्खं अ‍ॅप हलवतो. एकाच सिममधलं इंजिन आणि त्याच सिममधला संगणकी एटीसी हे दोन वेगळे करणं त्याच्या हातात नाही.

सिममधले स्लायडर किती ठेवावेत?

आकडे देण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक हेडसेट आणि प्रत्येक विमान वेगळं वाजतं. रीत मात्र सांगता येते.

इंजिन बंद असताना एटीआयएस (रेडिओवरची विमानतळाच्या हवामानाची माहिती) लावा. ते न थांबता बोलत राहतं, म्हणून मोजमापासाठी उत्तम. शांतपणे बसून प्रत्येक शब्द सहज कळेल इतका रेडिओ ठेवा. आता इंजिन सुरू करा, ब्रेक धरा आणि थ्रॉटल पूर्ण पुढे न्या. एटीआयएसमधला वाऱ्याचा आकडा आणि क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब) कान न ताणता लिहून घेता आला पाहिजे. येत नसेल तर रेडिओ वाढवू नका, इंजिन खाली आणा. रेडिओ वाढवत गेलात की इंजिन वाढवावंसं वाटतं, आणि अर्ध्या तासात दोन्ही कमाल मर्यादेला जाऊन बसतात.

त्यानंतर धोक्याच्या सूचना. स्टॉलचा भोंगा, ऑटोपायलट सुटल्याचा इशारा, जीपीडब्ल्यूएसची (जमीन जवळ आल्याची) आरोळी हे रेडिओच्या बरोबरीनं किंवा किंचित वर असू द्या. वारा, पाऊस, कॉकपिटमधल्या बटणांची टकटक त्याच्या खाली. मेनूमधलं संगीत मी शून्यावरच ठेवतो, कारण विमान लोड होत असताना चेकलिस्ट वाचायची असते.

आणखी एक जागा तपासायची राहून जाते. मोठ्या अ‍ॅड-ऑन विमानांना अनेकदा स्वतःचे स्लायडर असतात. फ्लायबायवायरच्या ए320 मध्ये फ्लायपॅड या कॉकपिटमधल्या टॅबलेटवर इंजिनाचा आतला आवाज, वाऱ्याचा आवाज आणि बाहेरचा आवाज वेगवेगळा लावता येतो. पीटीयूची (हायड्रॉलिक यंत्रणेतल्या एका भागाची) ती भुंकल्यासारखी घरघर कॉकपिटमध्ये ऐकू यावी की नाही हेही तिथेच ठरतं. एकच विमान विचित्र वाजत असेल आणि बाकीची नीट असतील, तर सिमच्या सेटिंगला हात लावण्याआधी त्या विमानाचा टॅबलेट उघडा.

'हेडफोन सिम्युलेशन' चालू ठेवावं का?

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2020 च्या साउंड पानावरचा हा पर्याय हेडसेट घातलेल्या वैमानिकाला कॉकपिट जसं ऐकू येईल तसं ऐकवतो. इंजिन आणि वारा दबतात. डीसीएसमधला 'हिअर लाइक इन हेल्मेट' हाही त्याच जातीचा.

छोट्या पिस्टन विमानांसाठी मी हे चालू ठेवायला सांगेन. खऱ्या एकइंजिनी विमानाच्या केबिनमध्ये 90 डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून जास्त गोंगाट असू शकतो. तिथे उघड्या कानानं कोणी उडत नाही. आवाज सक्रियपणे कापणारे हेडसेट याच गरजेतून आले. 1986 मध्ये व्हॉयेजर विमान कुठेही न उतरता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीला फेरी मारून आलं, तेव्हा त्याच्या दोघा वैमानिकांकडे बोसचे प्रायोगिक हेडसेट होते. बाजारात बोसचा पहिला असा हेडसेट आला तो 1989 मध्ये. म्हणून 'इंजिन दबल्यासारखं वाटतं, मजा जाते' ही तक्रार समजण्यासारखी असली, तरी दबलेलं इंजिन हेच आज वैमानिकाच्या कानातलं खरं इंजिन आहे.

ग्लायडरमध्ये मात्र बंद ठेवा. तिथे वाऱ्याच्या सुरावरून वेग कळतो.

ब्लूटूथ हेडसेट चालेल का?

नुसतं ऐकायला चालेल, बोलायला टाळा.

जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. चांगल्या दर्जाचा स्टीरिओ ऐकवणारी ए2डीपी, आणि माइकसह चालणारी हँड्स-फ्री. एखाद्या अ‍ॅपनं माइक उघडला की हेडसेट दुसऱ्या वाटेवर जातो. ती वाट मोनो आणि टेलिफोनच्या दर्जाची, म्हणजे 8 किंवा 16 किलोहर्ट्झ सँपलिंगची. म्हणून व्हॉइस क्लायंट जोडताच जेट इंजिन पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखं वाजू लागतं. शिवाय आवाज उशिरा पोचतो तो वेगळाच. चाकं टेकतात आणि टायरची किंचाळी मागून येते. ब्लूटूथ एलई ऑडिओमध्ये यावर उपाय आहे, पण त्यासाठी हेडसेट, संगणक आणि विंडोज तिघांचीही तयारी लागते.

हातात ब्लूटूथ हेडसेटच असेल तर त्यावर फक्त ऐका आणि बोलायला वेगळा यूएसबी किंवा वायरचा माइक घ्या. सर्व अ‍ॅप्समध्ये तोच माइक निवडला आहे ना हे बघा. स्वतःचा यूएसबी डोंगल असलेले वायरलेस गेमिंग हेडसेट ही वेगळी गोष्ट. त्यांना ही अडचण येत नाही.

कंट्रोलर म्हणतो माझा आवाज फाटका येतो, दुसरा म्हणतो ऐकूच येत नाही. माइक कसा लावावा?

आधी जागा, मग पातळी. बूम माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी हवा. खऱ्या विमानातले गोंगाट कापणारे माइक तर ओठांपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवतात, कारण ते जवळचा आवाज घेतात आणि लांबचा टाकतात. घरगुती गेमिंग हेडसेटचा माइक दोन बोटं लांब चालतो. 'पापा', 'बाबा' म्हणताना फुस्स आवाज येत असेल तर अजून बाजूला सरकवा.

आता विंडोजमध्ये माइकच्या प्रॉपर्टीजमधला 'लेव्हल्स' टॅब. 'माइक बूस्ट' दिसत असेल तर तो शून्यावर घेऊन सुरुवात करा. तो 10-10 डेसिबलच्या पायऱ्यांनी चढतो आणि आवाजाबरोबर खोलीतला पंखाही वर आणतो. मुख्य पातळी वाढवूनही आवाज बारीक राहिला तरच एक पायरी चढा.

मग व्हॉइस क्लायंटची पट्टी. व्हीपायलटमध्ये बोलताना हलणारा दर्शक आहे. तो हिरव्या भागात राहील असं ठेवायचं. इथे 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' म्हणू नका. तसं बोलताना माणूस संकोचून हळू बोलतो. जसं प्रत्यक्षात बोलणार तसंच पूर्ण वाक्य म्हणा: कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), उंची, मागणी. वर्दळीच्या वेळी आवाज चढतो, तेव्हा थोड्या चढ्या सुरातही एकदा म्हणून बघा. दर्शक तांबड्यात गेला की शब्द फाटणार.

शेवटी, गोंगाट काढणारी सॉफ्टवेअर. हेडसेटचं स्वतःचं, डिस्कॉर्डचं, ग्राफिक्स कार्डचं, सगळं एकावर एक लावलं की शब्दाची सुरुवात कापली जाते आणि 'फाइव्ह'चं 'आइव्ह' होतं. एकच ठेवा किंवा एकही नको. पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण) दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, आणि वाक्य संपल्यावरच सोडा.

बोलताना स्वतःचा आवाज कानात यावा असं वाटतं. कसं करायचं?

याला साइडटोन म्हणतात. खऱ्या विमानात तो असतो, आणि बंद कपांच्या हेडसेटमध्ये तो नसेल तर माणूस नकळत ओरडू लागतो. हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये 'साइडटोन' किंवा 'माइक मॉनिटरिंग' असेल तर ते वापरा. विंडोजमधलं 'लिसन टु धिस डिव्हाइस' टाळा. त्यात स्वतःचा आवाज किंचित उशिरा परत येतो आणि जीभ अडखळते.

खऱ्या विमानाचा हेडसेट संगणकाला जोडता येईल का?

येईल, पण नुसत्या साध्या पिन-अडॅप्टरवर भरवसा ठेवू नका. सामान्य छोट्या विमानांच्या हेडसेटला दोन पिना असतात. जाड 6.35 मिलिमीटरची ऐकण्यासाठी, आणि थोडी बारीक 5.23 मिलिमीटरची, पीजे-068 नावाची, माइकसाठी. हेलिकॉप्टरचा हेडसेट यू-174 नावाच्या एकाच पिनेवर येतो.

अडचण माइकची आहे. पीजे-068 मध्ये टोकाला पीटीटीची तार आणि मधल्या कड्याला माइकचा आवाज असतो. संगणकाच्या 3.5 मिलिमीटर माइक-पिनेत आवाज टोकावर असतो. म्हणजे जाडी जुळवणारा अडॅप्टर लावला तरी तारा चुकीच्या जागी जातात. दुसरं, विमानातला माइक चालायला साधारण 8 ते 16 व्होल्टचा पुरवठा लागतो. संगणकाचा जॅक त्यापेक्षा बराच कमी देतो, म्हणून तारा बरोबर जुळवल्या तरी आवाज मरगळलेला येतो. ऐकण्याच्या बाजूला विमानी हेडसेटचा इम्पीडन्स (विद्युत अडथळा) शेकडो ओहममधला, तर घरगुती हेडफोनचा बहुधा 32 ओहमच्या आसपास. त्यामुळे आवाज हळूही वाटतो.

यावर सरळ उपाय म्हणजे विमानी हेडसेटसाठीच बनवलेला यूएसबी अडॅप्टर. तो योग्य व्होल्टेज देतो आणि विंडोजला साध्या यूएसबी साउंडकार्डासारखा दिसतो. हेडसेटवर मोनो-स्टीरिओचं बटण असेल तर जोडण्याआधी अडॅप्टर काय मागतो ते वाचा. एकाच कानात आवाज येण्याचं कारण बहुतेकदा हे बटणच असतं. ज्यांना पुढे खऱ्या विमानात शिकायचं आहे, त्यांनी हा खटाटोप करावा. आपल्याच हेडसेटची आणि माइकच्या जागेची सवय आधीच होते.

कानात सतत टिं-टिं-टिंऽ वाजतंय, बंद कसं करू?

तो व्हीओआर किंवा आयएलएस या जमिनीवरच्या दिशादर्शक रेडिओ केंद्राचा मोर्स कोडमधला परिचय आहे, 1020 हर्ट्झच्या सुरात. ऑडिओ पॅनेलवर एनएव्ही1 किंवा एनएव्ही2 चं बटण चालू राहिलं आहे. जी1000 या पडद्यांच्या उपकरणसंचामध्ये डावीकडचा 'व्हॉल्यूम/आयडी' लिहिलेला नॉब दाबला तरी तो बंद होतो. पण बंद करण्याआधी एकदा ऐका आणि चार्टवरच्या टिंबरेघांशी ताडून बघा. योग्य केंद्र लागलं आहे ना, याची खात्री करायलाच तो आहे.

अप्रोचवर अचानक जाड आवाजातल्या रेघा ऐकू आल्या, निळा दिवा लागला, तर तो आउटर मार्कर (धावपट्टीच्या वाटेवरचं खुणेचं रेडिओ केंद्र), 400 हर्ट्झचा. मिडल मार्कर 1300 हर्ट्झवर टिंब-रेघ वाजवतो आणि पिवळसर दिवा लावतो. इनर मार्कर 3000 हर्ट्झवर नुसती टिंबं, दिवा पांढरा.

आणि न थांबता सूं-सूं येत असेल तर कॉम (बोलण्याच्या) रेडिओचा स्क्वेल्च (खरखर गाळणारी सोय) उघडा आहे. जी1000 मध्ये कॉमचा आवाजाचा नॉब एकदा दाबा.

माइक विंडोजमध्ये हलतो, पण व्हॉइस क्लायंटमध्ये मुका. का?

विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनच्या पानावर डेस्कटॉप अ‍ॅप्सना परवानगी आहे का पाहा. ती असेल तर क्लायंटमध्ये जुनाच माइक निवडलेला असतो.

आवाजात कडकड येते, विशेषतः मोठ्या विमानतळावर उतरताना.

ठिकाण लक्षात घ्या. मोठ्या विमानतळावर प्रोसेसरवर ताण येतो, आवाजाचे तुकडे वेळेवर पोचत नाहीत आणि मधल्या रिकाम्या जागा कडकडीसारख्या ऐकू येतात. आधी वाहतूक आणि ऑब्जेक्ट डेन्सिटी (दृश्यातल्या वस्तूंची दाटी) उतरवून बघा. कडकड कमी झाली तर कारण सापडलं. नाही झाली तर हेडसेट यूएसबी हबमधून काढून थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा, उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा आणि फॉरमॅट 48,000 हर्ट्झवर ठेवा. तरीही सुटलं नाही तर लेटन्सीमॉन हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवून कुठला ड्रायव्हर अडवतोय ते शोधा. अनेकदा तो नेटवर्कचा किंवा ग्राफिक्सचा निघतो.

सराउंड चालू करू का?

एकच करा. विंडोज सॉनिक, डॉल्बी अ‍ॅटमॉस किंवा हेडसेटचं स्वतःचं 7.1, यातलं एकच. दोन चढवली की आवाज पोकळ होतो आणि दिशा कळेनाशी होते. कॉकपिटमधून उडताना मला साधा स्टीरिओच पुरतो. हवाई लढाईत मात्र फरक पडतो.

व्हीआर लावलं की आवाज गायब होतो.

स्टीमव्हीआर सुरू होताना आउटपुट बदलू शकतो. त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये प्लेबॅक आणि माइक दोन्ही हातानं निवडून ठेवा. व्हीआर हेडसेटच्या माइकवर बोलणार असाल तर व्हॉइस क्लायंटमध्येही तोच निवडा, आणि सिम व क्लायंट व्हीआर चालू झाल्यानंतर उघडा.

लांबच्या उड्डाणांनी कान दुखतात. किती आवाज सुरक्षित?

जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला 40 तास 80 डेसिबल अशी आहे. दर 3 डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. त्या हिशेबानं 90 डेसिबलला आठवड्याला जेमतेम 4 तास मिळतात, म्हणजे एक मध्यम पल्ल्याचं उड्डाण. घरी खरा गोंगाट नसतो, त्यामुळे रेडिओ ऐकण्यासाठी एवढ्या आवाजाची गरजच नसते. क्रूझला पोचलात की मास्टर व्हॉल्यूम उतरवा, आणि टॉप ऑफ डिसेंटच्या (खाली यायला सुरुवात करायच्या क्षणाच्या) चेकलिस्टमध्ये तो परत वर आणायची ओळ स्वतःच्या हातानं घाला.